बेळगावात पाणी १०० अंशांना उकळत नाही, पण डाळ न शिजण्याचं कारण वेगळंच

ताई, तुम्ही विचारलंय की पणजीत तीन शिट्ट्यांत गळून जाणारी तूरडाळ टिळकवाडीत पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणेदार राहते, ते इथल्या उंचीमुळं का? उंचीचा वाटा आहे, पण अगदी थोडा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास १ अंशानं उतरतो, म्हणून इथं पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. खात्री करायची तर ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर तळाला न टेकवता उकळत्या पाण्यात धरा. तापाचा थर्मामीटर चुकूनही घालू नका, फुटेल. उघड्या पातेल्यात या अडीच अंशांचा फरक जाणवतो: पणजीत २० मिनिटं घेणारं कडधान्य इथं ढोबळ हिशेबानं २४ घेईल. कुकरात मात्र शिटीचं वजन बाहेरच्या हवेच्या दाबावर दोन्हीकडं सारखाच आणखी दाब चढवतं. आत पणजीला १२० अंश, तर बेळगावला ११९. एवढ्यानं डाळ अडत नाही.

पाणी तपासा. तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर बहुतेक तिथंच गाठ आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. पेक्टिन विरघळलं की डाळ गळते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. खानापूर, जांबोटीकडं जांभ्या जमिनीतून येणारं पाणी हलकं असतं, तर बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या रानातल्या बोअरला बऱ्याचदा जड पाणी लागतं. शहरातही एकाच घरात दोन तऱ्हेचं पाणी असतं, नळाला राकसकोप जलाशयाचं आणि टाकीत बोअरचं. दोन छोट्या भांड्यांत सारखीच डाळ घ्या, एकात नळाचं आणि एकात बोअरचं पाणी घाला, आणि दोन्ही भांडी एकाच कुकरात ठेवा. उत्तर त्याच दिवशी मिळेल.

बोअरचंच पाणी वापरावं लागत असेल तर ते १० मिनिटं खळखळ उकळा, थंड करून निवळू द्या आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्या. पांढरा थर तळाला बसतो. सगळा जडपणा यानं जात नाही, पण बराच उतरतो. नाहीतर वाटीभर डाळीला चिमूटभर खायचा सोडा पुरे. जास्त घातला की साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व नासतं.

दोन्ही भांड्यांतली डाळ कच्ची राहिली, तर डाळ जुनी आहे असं समजा. दमट, गरम जागी महिनोन्‌महिने पडलेल्या डाळीत आतलंच कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं होऊन पेक्टिनला धरतं. ती कितीही शिजवा, नव्या डाळीसारखी एकजीव होत नाही. म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात डाळ घट्ट झाकणाच्या डब्यात, तीही महिन्यापुरतीच ठेवावी.

मिठाला लोक उगीच दोष देतात. मटकी, हरभरा भिजवताना लिटरभर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे मीठ घातलं तर साली उलट मऊ होतात, कारण सोडियम कॅल्शियमची जागा घेतं. अडवतं ते आंबट. आमसूल, चिंच, टोमॅटो आधी पडले की पेक्टिन विरघळतच नाही. ते डाळ पूर्ण गळल्यावर, फोडणीच्या वेळी घाला.

आणि शिट्ट्या मोजणं सोडा. मोठ्या आचेवर त्याच वेळात जास्त शिट्ट्या होतात, आतलं तापमान मात्र तेवढंच राहतं. फुकट जातो तो गॅस. पहिली शिटी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा. अर्धा तास भिजलेल्या तूरडाळीला तिथून १० मिनिटं, मग वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण काढू नका. डाळ त्या वाफेतही शिजत असते.