वाचकांचे प्रश्न : जहाज कंपन्यांच्या शेअरमधील ब्रेकआउट

प्रश्न : काही आठवडे एकाच पट्ट्यात फिरणारा शेअर वरची पातळी ओलांडून बंद झाला, म्हणजेच ब्रेकआउट झाला, की मी खरेदी करतो. इतर क्षेत्रांत ही पद्धत बरी चालते. जहाज कंपन्यांच्या शेअरमध्ये मात्र भाव दोन-तीन दिवसांतच पुन्हा पट्ट्यात येतो आणि स्टॉप लॉस (तोटा रोखण्यासाठी आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) लागतो. पद्धतीत काय बदल करावा?

उत्तर : आपली पद्धत चुकीची नाही, पण या क्षेत्रात ती अपुरी पडते. जहाज कंपनीची कमाई मुख्यतः मालवाहतुकीच्या भाडेदरावर अवलंबून असते, आणि मागणी वाढली तरी नवे जहाज बांधून पाण्यात उतरवायला साधारण दोन-तीन वर्षे लागत असल्याने हा दर अतिशय वेगाने चढतो-उतरतो. अशा भाडेदरांचा एक निर्देशांक, बाल्टिक ड्राय इंडेक्स, मे 2008 मध्ये 11,793 वर होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो 663 वर आला होता. म्हणून ब्रेकआउट दिसला, की भाडेदराचा चार्टही शेजारी उघडावा, आणि दर सपाट किंवा उतरता असताना शेअर एकटाच पातळी ओलांडत असेल, तर मी तरी थांबणे पसंत करीन.

मात्र निर्देशांक त्या कंपनीच्या जहाजांचाच हवा, आणि बरेच जण नेमके इथेच गफलत करतात. बाल्टिक ड्राय हा कोळसा, लोहखनिज, धान्य अशा सुट्या मालाच्या जहाजांचा निर्देशांक असून त्यात केपसाइझ, म्हणजे अशा मालाच्या सर्वांत मोठ्या, जहाजांचा वाटा 40 टक्के आहे. तेलवाहू किंवा कंटेनर जहाजांच्या कंपनीबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय कंपनीची बहुतेक जहाजे दीर्घ मुदतीच्या करारावर दिलेली असतील, तर आज वाढलेला दर तिच्या नफ्यात लगेच उतरत नाही.

बातमीवर झालेल्या ब्रेकआउटमध्ये अडथळा किती काळ टिकेल, हे पाहावे. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन जहाज अडकल्याने सुएझ कालवा सहा दिवस बंद होता. याउलट 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा लांबलेल्या प्रवासात तेवढाच माल वाहून नेण्यासाठी कित्येक महिने जास्त जहाजे गुंतून राहिली. दुसऱ्या प्रकारातील तेजीला टिकण्याचे कारण असते.

आणखी एक धोका चार्टवर आधी दिसत नाही. भाव चढला, की काही जहाज कंपन्या ती संधी साधून नवे शेअर विक्रीस काढतात, आणि दुसऱ्या दिवशी शेअर थेट खालीच उघडतो. समजा, 100 ची पातळी ओलांडल्यावर आपण 103 ला खरेदी केली, स्टॉप लॉस 96 ला ठेवला आणि 1,000 पर्यंतच तोटा सोसायचा ठरवून 142 शेअर घेतले. शेअर 91 ला उघडला, तर स्टॉप लॉस 96 ला नव्हे, 91 च्या आसपास लागेल आणि तोटा 1,704 होईल. त्यामुळे या क्षेत्रात नेहमीच्या निम्मेच शेअर घ्यावेत, असे माझे मत आहे. खरेदीपूर्वी कंपनीने अलीकडच्या वर्षांत किती वेळा नवे शेअर काढले, हेही तपासावे. ही सवय सहसा सुटत नाही.

प्रश्न : घसघशीत लाभांश देणाऱ्या जहाज कंपनीचा शेअर ब्रेकआउटनंतर एका दिवसात पातळीखाली आला, पण कोणतीच बातमी नव्हती. हा ब्रेकआउट फसला असे समजावे का?

उत्तर : त्या दिवसापासून शेअर लाभांशाविना व्यवहारात आला होता का, म्हणजे त्या दिवसापासून खरेदी करणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळणार नव्हता का, ते आधी पाहावे. तसे असल्यास भाव साधारणपणे लाभांशाच्या रकमेइतका खाली उघडतो आणि त्यात विक्रीचा जोर असतोच असे नाही. लाभांशाचे समायोजन केलेला चार्ट घेऊन पातळी पुन्हा आखावी आणि लाभांशाविना व्यवहार सुरू होण्याची तारीख जवळ असेल, तर स्टॉप लॉसही त्या हिशेबाने आधीच खाली घ्यावा.