सांगलीत दाताचे डॉक्टर जास्त झालेत का? मुलीला बीडीएसला घालावं का?

तुमचा प्रश्न असा, की सांगलीत गल्लोगल्ली डेंटल क्लिनिकं दिसतात, मुलीला बीडीएसला प्रवेश मिळतोय, तर ती शिकून बाहेर पडेपर्यंत पेशंट उरतील का? आणि किती डेंटिस्ट लागतील याचा आधी कुणी हिशेब करतं का?

मी सांगलीत सतरा वर्षं प्रॅक्टिस करतोय. विश्रामबागेत माझ्या दारात उभं राहिलं की दाताच्या आणखी तीन पाट्या दिसतात. दुपारी आम्हा सगळ्यांच्याच खुर्च्या रिकाम्या असतात. दर गुरुवारी मात्र मी जत तालुक्यातल्या एका गावात बसतो, तिथं जेवायला उसंत मिळत नाही. मागच्या महिन्यात एक आजी आल्या. खालची दाढ सहा महिने ठणकत होती. लवंग दाबून आणि मिश्री लावून दिवस काढले. शेवटी जबड्याखाली गळू फुटून पू वाहायला लागला, तेव्हा आल्या. म्हणाल्या, "सांगलीला न्यायचं तर पोराचा रोज बुडतोय, म्हणून बोललेच नाही."

त्या आजींचं दुखणं ही गरज होती, पण खुर्चीपर्यंत पोचली नाही म्हणून तिची मागणी झाली नाही. आपल्याकडचा हिशेब नेमका इथंच चुकतो. देशात ३०० हून जास्त डेंटल कॉलेजं आहेत, बीडीएसच्या वर्षाला २५ हजारांवर जागा आहेत. लोकसंख्येला डेंटिस्टच्या संख्येनं भागलं की उत्तर छान येतं. पण नोंदणी असलेल्यांपैकी रोज प्रॅक्टिस कोण करतं, कुठल्या तालुक्यात करतं आणि आठवड्याला किती तास, हे मोजायला हवं.

दुसरी अडचण वेळेची. हळदीला दर आला की सगळे हळदच लावतात आणि पुढच्या वर्षी भाव पडतो. इथं तर पीक हाती यायला इंटर्नशिप धरून पाच वर्षं लागतात. अमेरिकेतही हेच झालं. अर्ज रोडावले आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाचं डेंटल कॉलेज १९९० मध्ये, नॉर्थवेस्टर्नचं २००१ मध्ये बंद झालं. पुढे त्याच देशात नवी डेंटल कॉलेजं निघाली.

माझं ठाम मत आहे, की कॉलेजच्या जागा वाढवणं थांबवून ग्रामीण रुग्णालयांत डेंटिस्टची पगारी पदं वाढवावीत. पगार असेल तर पोरं जतला, आटपाडीला नक्की जातील.

मुलीला शहरातच क्लिनिक टाकायचं असेल आणि फी कर्ज काढून भरायची असेल, तर घाई करू नका. तालुक्याला जायची तयारी असेल, तर खुशाल घाला. त्याआधी एखाद्या बाजारच्या दिवशी तिला तालुक्याच्या गावातल्या क्लिनिकमध्ये दिवसभर बसवा. पेशंट किती येतात, कशासाठी येतात आणि किती उशिरा येतात, ते तिला स्वतःला बघू द्या.