साठच्या दशकातल्या सायकेडेलिक गॅरेज रॉकमधला कोणता बँड सर्वात जास्त दुर्लक्षित राहिला?

द म्युझिक मशीन. लॉस एंजेलिसचा, पाच जणांचा बँड.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स आणि सीड्स हे बँड ऐकून झालेत, आता त्याच काळातलं पण सहसा कुणी न सुचवलेलं काहीतरी हवंय. म्युझिक मशीन अगदीच अज्ञात आहेत असं नाही. त्यांचं 'टॉक टॉक' १९६७च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत १५व्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं आणि त्या काळातल्या गॅरेज गाण्यांच्या संग्रहांत ते आजही भेटतं. पण नुकसान तिथेच झालं. 'एक गाणं गाजलेला बँड' अशी त्यांची नोंद झाली आणि विषय मिटला. मला मात्र ठामपणे वाटतं की त्या पिढीच्या गॅरेज बँडांमध्ये त्यांचा गायक सीन बॉनिवेल याच्या तोडीचा गाणी रचणारा दुसरा नव्हता. ती गाणी लोकांपर्यंत पोचली नाहीत याला बरंचसं कारण त्यांचा स्वतःचा पहिला एलपीच (अनेक गाण्यांची मोठी रेकॉर्ड) आहे. त्याकडे येतोच.

आधी 'टॉक टॉक'. पूर्ण दोन मिनिटांचंही नाही. गिटारचा फझ लावलेला, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाज अंगावर येतो, लगेच थांबतो, ड्रम एकटे वाजतात, मग पुन्हा सगळे एकदम. हे थांबणं आणि तुटून पडणं इतकं नेमकं बांधलेलं आहे की पाचही जण प्रत्येक वेळी एकाच क्षणी समेवर येतात. त्यावर बॉनिवेलचा आवाज: आधी घशातून गुरगुरणारा, मग अचानक वर चढणारा. गाणं आहे एका माणसाचं, ज्याची गावभर नाचक्की झालीय, ज्याला कुठे जायला तोंड राहिलेलं नाही. प्रेमभंग नाही, नाच नाही, समुद्रकिनारा नाही. हे गाणं यादीत वर पोचलं त्याच सुमारास मंकीज हा गोड पॉप गाणारा बँड पहिल्या क्रमांकावर होता, हे लक्षात घेतलं तर रेडिओवर हे गाणं कसं वाटलं असेल याचा अंदाज येईल.

गॅरेज रॉक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती कॉलेजातली पोरं. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत गेले, टीव्हीवर दिसले, आणि गावोगावच्या मुलांनी वडिलांच्या गॅरेजमध्ये गिटार आणि स्वस्तातले ऑर्गन घेऊन बँड काढले. तीन कॉर्ड आणि भरपूर उत्साह. त्यांच्या कच्चेपणातच गोडी आहे आणि ती मलाही आवडते. म्युझिक मशीन मात्र त्या जातीचे नव्हते. बॉनिवेलचा जन्म १९४०चा, म्हणजे 'टॉक टॉक'च्या वेळी तो २६ वर्षांचा होता. त्याआधी तो वेफेअरर्स नावाच्या लोकगीतं गाणाऱ्या गटात होता. त्या गटाच्या रेकॉर्डही निघाल्या होत्या. अनेक गळ्यांचे सूर एकमेकांत कसे बसवायचे, रंगमंचावर कसं उभं राहायचं, हे तो तिथे शिकून आला होता. मग त्याने बास वाजवणारा कीथ ओल्सन आणि ड्रमर रॉन एडगर यांना घेऊन रॅगामफिन्स नावाचा बँड केला. त्यात गिटारवर मार्क लँडन आणि ऑर्गनवर डग ऱ्होड्स आले आणि त्याचाच १९६६ साली म्युझिक मशीन झाला.

आवाजावर त्यांनी जी मेहनत घेतली ती त्या काळात फार थोडे बँड घेत होते. गिटार आणि बासच्या तारा ते नेहमीपेक्षा खाली उतरवून लावत, त्यामुळे सगळ्या संगीतालाच खर्जाचं वजन येई. पुढे हेवी मेटलवाल्यांनी हीच युक्ती सर्रास वापरली. फझचं यंत्र ओल्सनने स्वतः बनवलेलं. वर ऱ्होड्सचा फारफिसा ऑर्गन, पातळ आणि टोकदार. खाली जड आणि वर धारदार, मधली जागा बॉनिवेलच्या गळ्यासाठी मोकळी. चांगल्या हेडफोनवर ऐकलंत तर ही मांडणी किती विचारपूर्वक केलीय ते स्पष्ट कळतं.

दिसणंही तसंच ठरवलेलं. पाचही जणांचे केस काळे रंगवलेले, कपडे नखशिखांत काळे, आणि प्रत्येकाच्या एका हातात काळा चामड्याचा मोजा. एकाच हातात. १९६६ साली, रंगीबेरंगी फुलाफुलांचे शर्ट येत असताना. त्यांची टीव्हीवरची काही चित्रणं शिल्लक आहेत, ती जरूर शोधून पाहा. हे निव्वळ सोंग वाटत नाही, कारण संगीत त्या कपड्यांइतकंच गंभीर आहे.

क्लबमध्ये वाजवताना ते गाण्यांच्या मध्ये थांबतच नसत. एक गाणं संपतंय तोवर सांधणारा वाद्यांचा तुकडा सुरू होई आणि त्यातून पुढचं गाणं. यामागे कलेइतकाच व्यवहार होता: थांबलं की क्लबचा मालक किंवा समोरचा कुणी फर्माईश करणार, अमुक हिट गाणं वाजवा म्हणून. थांबायचंच नाही म्हणजे फर्माईशीला फटच नाही. यंत्रासारखं अखंड वाजवणं, त्यावरूनच बँडचं नाव. आपलीच गाणी वाजवायची या हट्टापायी इतकी खटपट करणारा माणूस मला फार मोठा वाटतो. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागतं.

निर्माता ब्रायन रॉसने त्यांना ओरिजिनल साउंड या कंपनीकडे नेलं. कंपनी आर्ट लाबो यांची. लाबो हे लॉस एंजेलिसच्या रेडिओवरचं मोठं नाव. जुन्या हिट गाण्यांचे संग्रह काढून विकणं ही त्यांची खासियत. सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, विकावं कसं हे त्यांना उत्तम कळत होतं, एलपी हा मात्र त्यांच्या लेखी अनेक गाण्यांचा गठ्ठा होता. 'टॉक टॉक' चालायला लागल्यावर घाईने एलपी काढायचं ठरलं. त्यात बारा गाणी, त्यांपैकी सात बॉनिवेलची आणि पाच दुसऱ्यांची: बीटल्सचं 'टॅक्समॅन', नील डायमंडचं 'चेरी, चेरी', नुकतंच गाजलेलं '९६ टीअर्स', जुनं 'सी सी रायडर' आणि 'हे जो'. यातली बरीचशी टीव्हीच्या कार्यक्रमासाठी वाजवलेली होती. बॉनिवेलला ती एलपीवर नको होती. कंपनीने घातली.

परिणाम काय झाला असेल ते तुम्हीच पाहा. कुणीतरी 'टॉक टॉक' ऐकून उत्सुकतेने एलपी आणला. पहिलं गाणं तेच, दुसरं 'ट्रबल' तितकंच जोरकस. मग लागोपाठ 'चेरी, चेरी' आणि 'टॅक्समॅन'. ऐकणाऱ्याचा ग्रह होणारच की हा बँड क्लबमध्ये हिट गाणी वाजवणारा आहे, एखादं स्वतःचं जमून गेलंय. फर्माईशी टाळण्यासाठी जो बँड तासन्‌तास न थांबता वाजवत होता, त्याच्या नावावर फर्माईशींचाच एलपी लागला. समीक्षकांनी पुढे वर्षानुवर्षं हाच एलपी पाहून मत बनवलं.

एक अपवाद करतो, 'हे जो'चा. त्याच वर्षी लीव्हज या लॉस एंजेलिसच्याच बँडने ते धावत्या लयीत गाजवलं होतं. म्युझिक मशीनने ते अगदी संथ केलं, जवळजवळ शोकगीतासारखं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं संथ 'हे जो' इंग्लंडमध्ये डिसेंबर १९६६मध्ये आलं, म्हणजे साधारण त्याच सुमारास. ते जरूर ऐका, बाकीची दुसऱ्यांची चार गाणी सोडून दिलीत तरी चालतील.

आता ती सात गाणी. 'राँग' म्हणजे शुद्ध त्वेष. 'मॅस्क्युलिन इंट्युइशन'मध्ये ऑर्गन आणि गिटार एकमेकांना ढकलत पुढे जातात. 'सम अदर ड्रम' ऐकून वाटेल दुसराच कुणी बँड आहे: हळुवार, लोकगीताच्या अंगाने जाणारं, बॉनिवेलच्या जुन्या दिवसांची आठवण देणारं. 'द पीपल इन मी' दुसरं सिंगल म्हणून आलं आणि ६६व्या क्रमांकावर अडकलं. आणि 'कम ऑन इन'. हे मूळ 'टॉक टॉक'च्या मागच्या बाजूला होतं. सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखं संगीत, या शब्दाखाली तुम्ही जे शोधताय ते मला इथे सर्वात जास्त सापडतं. कुठेही उलट्या फिरवलेल्या टेपा नाहीत, सतार नाही. फक्त संथ लय, तरंगणारा ऑर्गन, आणि बॉनिवेल एखाद्याला हळूच आत बोलावतोय, पण आत काय आहे ते सांगत नाहीये. कॅलिफोर्नियात एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थावर कायद्याने बंदी आली ती ऑक्टोबर १९६६मध्ये. शहरात वातावरण तेच होतं. या गाण्यात मात्र नशेचं कौतुक ऐकू येत नाही, भान सुटण्याच्या काठावर उभं राहून पाहणं ऐकू येतं. माझ्या मते ते जास्त कठीण आहे.

१९६७मध्ये आणखी दोन सिंगल आली आणि तीच त्यांच्या कामाची उंची आहे असं मी म्हणेन. 'डबल यलो लाइन' हे नाव रस्त्यावरच्या त्या दुहेरी पिवळ्या रेघांचं, ज्या ओलांडायला मनाई असते. गाणं गाडीसारखंच पळतं, आणि त्या वेगातही शब्द न शब्द ऐकू येतो. 'द ईगल नेव्हर हंट्स द फ्लाय' हे त्यांचं सर्वात जड गाणं. १९६७च्या उन्हाळ्यात, प्रेमाचा नि फुलांचा जयघोष चाललेला असताना, इतकं काळं आणि कडवट गाणं काढणं आणि ते कुणीच न घेणं, दोन्ही समजण्यासारखं आहे. रेकॉर्ड कुणाची हे न सांगता ऐकवलं तर लोक ते बरंच नंतरचं समजतील.

त्याच वर्षी मूळ संच फुटला. एडगर आणि ऱ्होड्स मिलेनियम या अतिशय गोड, सुरेल बँडमध्ये गेले. कीथ ओल्सन निर्माता झाला, आणि कसा! फ्लीटवुड मॅक या बँडचा त्याच नावाचा १९७५चा एलपी त्याने केला. लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स त्या बँडमध्ये आले तेही त्याने ऐकवलेल्या रेकॉर्डिंगमुळेच. तो २०२०मध्ये गेला तेव्हा त्याच्यावर आलेल्या लेखांत म्युझिक मशीनचा उल्लेख जेमतेम एखाद्या ओळीचा होता.

बॉनिवेल नवे वादक घेऊन वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. 'द बॉनिवेल म्युझिक मशीन' हा तिथला एलपी, त्यात जुन्या संचाचीही काही ध्वनिमुद्रणं आहेत. हा एलपी विखुरलेला आहे हे खरंय. एका गाण्यात दात-ओठ खाणं, दुसऱ्यात एकदम मवाळ पॉप. पण त्यातलं 'डिस्क्रेपन्सी' ऐकाच. दोन वेगवेगळे गळे, दोन वेगवेगळे शब्दप्रवाह, एकाच वेळी. आधी गोंधळल्यासारखं होतं, मग दोन्ही मिळून एकाच माणसाच्या डोक्यात चाललेलं भांडण आहे असं वाटू लागतं. एलपी विकला गेला नाही. १९६९मध्ये कॅपिटल या कंपनीकडून टी. एस. बॉनिवेल या नावाने त्याचा 'क्लोज' हा वाद्यवृंदाच्या साथीचा, शांत एलपी आला, आणि त्यानंतर तो या धंद्यातून बाहेर पडला. डिसेंबर २०११मध्ये त्याचं निधन झालं.

विस्मरणाचं आणखी एक कारण सांगायलाच हवं. १९७२मध्ये 'नगेट्स' हा दोन रेकॉर्डचा संग्रह आला आणि गॅरेज रॉकमध्ये कोण महत्त्वाचं, हे पुढच्या पिढ्यांसाठी त्यानेच ठरवलं. एलिव्हेटर्स त्यात होते, सीड्स होते. म्युझिक मशीन नव्हते. १९९८मध्ये त्याचा विस्तारित संच निघाला तेव्हा 'टॉक टॉक' त्यात आलं, पण मधली पंचवीस वर्षं गेलीच. ज्यांना आधीच ठाऊक होतं त्यांना होतं: रॉक गायक ॲलिस कूपरने १९८०मध्ये 'टॉक टॉक' नव्याने गायलंय.

ऐकायला सुरुवात करायची तर पहिला एलपी अगदी पहिल्यापासून लावू नका. आधी 'टॉक टॉक' आणि लगेच 'कम ऑन इन', मूळ सिंगलच्या दोन बाजू होत्या तशा. मग 'डबल यलो लाइन' आणि 'द ईगल नेव्हर हंट्स द फ्लाय'. हे चार आवडले तर 'द अल्टिमेट टर्न ऑन' हा २००६मध्ये निघालेला दोन सीडींचा संच मिळवा, त्यात ओरिजिनल साउंडच्या काळातलं काम एकत्र सापडतं. वॉर्नरच्या काळासाठी सनडेझ्ड या कंपनीने १९९५मध्ये काढलेला 'बियॉन्ड द गॅरेज' आहे. आणि 'ईगल' ऐकताना आवाज थोडा मोठा ठेवा, बासचं काम हळू आवाजात निम्मं हरवतं.