घरी दोन घटपर्णींचा संकर करता येईल का?

नक्की येईल, आणि नेपेंथिस या गटातल्या घटपर्णींमध्ये (पानाच्या टोकाच्या सुरईत किडे पकडणाऱ्या झाडांमध्ये) तो सोपाही आहे. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने पहिला संकर 1862 मध्येच लोकांपुढे आणला होता.

खरी अडचण वेगळीच. या झाडांत नर आणि मादी वेगवेगळी असतात, आणि फुलोरा येईपर्यंत झाड कोणतं हे कळत नाही. नराच्या फुलात मधल्या दांड्यावर पिवळ्या परागाचा गोळा दिसतो, मादीच्या फुलात फुगीर हिरवा बीजकोश. दोन्ही एकाच वेळी फुलतील याची खात्री नसते, म्हणून नर फुलला की पराग फॉइलमध्ये झाडून घ्या, पुडी कोरडी ठेवून फ्रीजरमध्ये टाका. मादीच्या फुलाचं टोक ओलसर, चिकट झालं की मऊ ब्रशने पराग लावा. त्याच दिवशी दोन्ही झाडांची नावं लिहून चिठ्ठी बांधा. नोंद नसलेल्या संकराचा पुढे कुणालाच उपयोग नाही.

शेंगा तपकिरी होऊन तडकायला लागल्या की बी लगेच ओल्या स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळावर) पेरा, वर काही पसरू नका. साठवलेलं बी लवकर मरतं. रोपं फुलायला काही वर्षं लागतात.

मेघालयातली नेपेंथिस खासियाना वापरणार असाल तर रोप नर्सरीत वाढवलेलंच घ्या, जंगलातून उपटलेलं मुळीच नको.