रक्त चढवावं लागू नये, हे काम कोणाचं?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी बाबांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रक्ताच्या तीन पिशव्यांसाठी मी आणि काका रात्रभर फिरलो. रक्त लागूच नये, यासाठी काम करणारे डॉक्टर कोण? मला ते व्हायचंय.

उत्तर : रक्तपेढीच्या खिडकीशी ताटकळताना हा प्रश्न तुला पडला, याचंच मला कौतुक वाटतं. पण असा एकच डॉक्टर नसतो.

गाठीतून थोडंथोडं रक्त जात राहतं, त्यामुळे पेशंटचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा आधीच उतरलेलं असतं. या कॅन्सरमध्ये अनेकदा आधी रेडिएशन आणि केमो देतात. ते आठवडे म्हणजे हिमोग्लोबिन वाढवायची संधी. कॅन्सरमुळे शरीरात दाह असेल तर लोहाच्या गोळ्या नीट अंगी लागत नाहीत, म्हणून लोह शिरेतून देतात. ही कमतरता हेरायची जागा म्हणजे भूलतज्ज्ञांची ऑपरेशनपूर्व तपासणी. भूलतज्ज्ञ फक्त झोपवतात असं लोकांना वाटतं! ऑपरेशन चालू असताना पेशंटचं अंग गार पडू न देणं (गारठ्यात रक्त नीट गोठत नाही), गरजेनुसार ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) देणं, आणि पेशंट स्थिर असेल तर हिमोग्लोबिन साधारण ७ च्या खाली जाईपर्यंत पिशवी न लावणं, हे सगळं तेच बघतात. हृदयविकार असेल तर हा आकडा थोडा वर धरतात.

सर्जनचा वाटा अर्थातच मोठा. ब्रिटिश सर्जन हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट, नेमक्या पदरातून (दोन थरांमधल्या सांध्यातून) सोडवतात. पदर चुकून त्रिकास्थीपुढच्या (कण्याच्या तळाच्या हाडापुढच्या) शिरांना धक्का लागला, तर रक्त थांबवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

वाट लांब आहे. आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस. पुढे भूलशास्त्र किंवा रक्तसंक्रमणशास्त्रात (रक्तपेढी आणि रक्त चढवण्याच्या शास्त्रात) तीन वर्षांचं एमडी. कॅन्सर सर्जनसाठी तीन वर्षं एमएस, वर तीन वर्षं एमसीएच (सर्जरीतली सुपरस्पेशालिटी पदवी). नीटचे मार्क कमी पडले, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम बघ. त्यात ऑपरेशन थिएटर आणि रक्तसंक्रमण तंत्रज्ञ असे पर्याय आहेत.

तुझं पत्र वाचून मला तरी तू भूलशास्त्राकडे वळावंस असं वाटतं. बाबांच्या फाइलमध्ये ऑपरेशनच्या महिनाभर आधीचं आणि आदल्या दिवशीचं हिमोग्लोबिन शोध, आणि ते दोन आकडे मला कळव.