चेक इंजिनचा दिवा लागलाय, मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतोय. बदलू का?

लगेच नको. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो. आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचून घ्या. पी०१३५ आला तर सेन्सरच्या हीटरचं सर्किट; फ्यूज आणि वायर बघा. पी०१७१ असेल तर इंधन-हवेच्या मिश्रणात हवा जास्त, आणि अशा वेळी सेन्सर बिचारा बहुधा खरंच बोलत असतो. माझ्या गाडीला इथे इंदूरला हेच झालं. पलासियातल्या गॅरेजवाल्यानं नवा सेन्सर काढूनच ठेवला होता. निघाला काय, तर टोकाशी चिरलेला व्हॅक्यूमचा पाइप, त्यातूनच जादा हवा आत जात होती! इंजिन चालू असताना सूं-सूं ऐकू येत होतं. कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी बसवलेल्या साध्या सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं वरखाली व्हायला हवं. एकाच आकड्यावर अडलं तरच सेन्सरवर संशय घ्या. दिवा लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये; गाडी दामटू नका, तो कन्व्हर्टर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाईल.