जुनी बॉक्सटर, जुनी टीटी: विकायला काढण्यापूर्वी

प्रश्न (पुणे): माझ्याकडे २००७ची पोर्शे बॉक्सटर आहे, ४१,००० किमी झालेली. पुढच्या बंपरवर दगडांचे टिपके आहेत, हेडलाइट पिवळट झालेत. विकण्याआधी पूर्ण गाडी रंगवून घ्यावी का?

नको. रंगाचा सगळा खर्च वाया जाईल आणि गाडीची किंमतही उतरेल. अशा गाडीचं गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं मीटर खिशात घालून येतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा २००च्या बराच वर गेला की पत्रा पुन्हा रंगवलाय हे कळतं, आणि मग पहिला प्रश्न येतो: गाडी कुठे ठोकली होती? बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे साधं मीटर तिथे चालत नाही आणि जुन्या गाडीचा बंपर रंगवलेला असला तर कोणी फारसं मनावर घेत नाही. तरीही टिपके थोडे असतील तर रंगाच्या कोडप्रमाणे टच-अप बाटली आणून बारीक ब्रशने भरा. ज्या पत्र्याचा रंग अजून मूळचा आहे, त्याला हात लावू नका.

हेडलाइट घरीही होतात. कडेने मास्किंग टेप लावा आणि पाणी मारत १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. मग कंपाउंड आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. हा शेवटचा थर टाळला तर काच आठवडाभर चकाकते आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते.

पण या गाडीत खरे पैसे दुसरीकडे लावायचे. बॉक्सटरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर. बंपरच्या जाळीतून आत गेलेला पालापाचोळा तिथे साचतो, पावसाळाभर ओला राहतो आणि कंडेन्सर कुजवतो. गॅस भरूनही एसी महिन्याभरात गरम हवा टाकू लागला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. बंपर उतरवून कचरा हाताने आणि हलक्या हवेने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स (पातळ धातूच्या पट्ट्या) वाकतात.

दुसरी जागा छपराची. कापडी छप्पर अर्धं उघडं ठेवून मागे दोन्ही बाजूंच्या खोबणीत बघा, पाणी वाहून जायची भोकं दिसतील. ती तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि सीटखालचं अलार्म-इमोबिलायझरचं युनिट भिजतं. मग किल्ली ओळखली जात नाही, गाडी सुरू होत नाही. कपभर पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली पडताना दिसलं पाहिजे. भोकात तार खुपसू नका, आतली नळी निसटते. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉन दोरी पुरते. कार्पेट वरून कोरडं वाटलं तरी खालचा स्पंज दाबून बघा. ओल राहिली तर कितीही अत्तर मारा, दार उघडताच गिऱ्हाइकाला कुबट वास येतोच.

जाणकार माणूस आयएमएस बेअरिंगबद्दल विचारेलच. हे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, मोडलं तर इंजिनच निकामी होतं. २००९पासूनच्या नव्या इंजिनात ते बेअरिंगच नाही, तुमच्या गाडीत आहे. त्यामुळे ऑइल बदलल्याच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवा. पुढचं ऑइल बदलताना फिल्टर कापून त्यात धातूचे कण नाहीत याचे फोटो काढून घ्या. तोंडी हमीपेक्षा हा फोटो जास्त बोलतो.

प्रश्न (ठाणे): २०११ची ऑडी टीटी (२.० टीएफएसआय, ऑटोमॅटिक) वर्षभर जवळजवळ उभीच आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, माणूस बघायला यायच्या दिवशी सकाळी कोड (संगणकात नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) पुसून देतो. चालेल का?

चालणार नाही, आणि ही फसवणूकही आहे. कोड पुसला की गाडीच्या संगणकातल्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि त्या पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. हजार-दोन हजारांचा स्कॅनर लावला तरी ‘तपासण्या अपूर्ण’ असं दिसतं. त्यानंतर गिऱ्हाईक तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्ध्यावर. कमजोर बॅटरीमुळे या गाड्या भलतेसलते कोड दाखवतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. बॉनेट उघडून वायरिंग उंदरांनी कुरतडलं आहे का तेही पाहा. एवढं करून दिवा राहिला, तर कोड वाचून तो भाग दुरुस्त करा किंवा कोड जसाच्या तसा जाहिरातीत लिहा.

गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पहिले काही सेकंद कान देऊन ऐका. साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) तपासून घ्या. या पिढीच्या इंजिनात ती माहितीतली तक्रार आहे. इंजिन ऑइल खातं हीसुद्धा. गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी डिपस्टिक बघायची. सहा गिअरच्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं ऑइल दर ६०,००० किमीला फिल्टरसकट बदलायचं असतं. पावती नसेल तर आता बदलून घ्या, कारण रांगेत हळू चालताना गिअर झटके देतो आणि टेस्ट ड्राइव्ह बहुतेक ट्रॅफिकमध्येच होते.

माणूस येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणता माणूस येताच बॉनेटवर हात ठेवतो.

प्रश्न (नाशिक): जाहिरातीत किती लिहावं? दोष लिहिले तर कोणी फोन करेल का?

फोन कमी येतील, पण कामाचे येतील. जुन्या स्पोर्ट्स कारचं गिऱ्हाईक दोषाला घाबरत नाही, लपवलेल्या दोषाला घाबरतं. दोष आधीच लिहिलेला असला की गाडीपाशी उभं राहून त्याच्या नावावर पैसे तोडता येत नाहीत. ‘एकदम कडक कंडिशन’, ‘फक्त शौकीनांसाठी’ ही वाक्यं काढून टाका, त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा:

*पोर्शे बॉक्सटर २.७, मॅन्युअल, नोव्हेंबर २००७, एमएच-१२, दुसरा मालक, ४१,२०० किमी. २०१२पासूनच्या सर्व पावत्या, त्याआधीच्या नाहीत. नोंदणी नूतनीकरण झालेलं. पुढचे टायर २०२३चे, मागचे २०१९चे, बदलावे लागतील. एसी कंडेन्सर नवे, पावती आहे. पुढचा बंपर रंगवलेला, बाकी रंग मूळचा. ड्रायव्हर सीटची कड घासलेली, फोटो १४. दोन्ही किल्ल्या आहेत. कुठल्याही गॅरेजमध्ये स्वखर्चाने तपासून घ्या.*

टायरचं वय बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो.

फोटो २५-३० हवेत. ऊन कोवळं असताना, सकाळी किंवा मावळतीला, मोकळ्या जागेत काढा. गाडीजवळ उभं राहून वाइड लेन्सने काढलं तर नाक फुगलेलं दिसतं. सात-आठ पावलं मागे जा, दुप्पट झूम करा आणि फोन हेडलाइटच्या उंचीवर धरा. प्रत्येक चाकाचा, चारही टायरच्या तारखांचा, सीटच्या कडांचा आणि इंजिन चालू असताना मीटरचा फोटो हवाच. शिवाय थंड इंजिन सुरू होतानाचा एक मिनिटाचा सलग व्हिडिओ. आरसीचा फोटो टाकू नका, त्यावर पत्ता असतो.

आतली बटणं चिकट झाली असतील तर वरचा रबरी थर दमट हवेत विरघळलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलावलेल्या कापडाने हलक्या हाताने पुसा. अक्षरं छापलेली असतील तर तिथे थांबा. सीटला तेलकट चमक आणणारी पॉलिश लावू नका.

प्रश्न (कोल्हापूर): किंमत विम्याच्या आयडीव्हीवरून (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ठरवू का?

नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही तुम्ही आणि विमा कंपनी आपसात ठरवता, बाजाराशी तिचा संबंध नाही. त्याच मॉडेलच्या देशभरातल्या जाहिराती दोन महिने नोंदवा. कुठली किती दिवसांत गेली आणि कुठली भाव उतरवूनही पडून आहे ते कळेल. येऊ घातलेला खर्च स्वतःच वजा करा. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आधी करून घ्या. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. एप्रिल २०२२पासून आयात गाडीची नूतनीकरण फी ४०,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर. हे काम शिल्लक असलेली गाडी पाहून चांगलं गिऱ्हाईक मागे फिरतं.

प्रश्न (मुंबई): बेंगळुरूचा एक माणूस आगाऊ टोकन देऊन गाडी लगेच न्यायची म्हणतो. कागदपत्रं नंतर करू, असं त्याचं म्हणणं आहे.

तसं करू नका. कागदावर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आधी कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा, ई-चलनं भरा, पीयूसी आणि विमा चालू ठेवा. गाडी १ एप्रिल २०१९पूर्वीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरच्या) पाट्या हव्यात, नाहीतर आरटीओत काम अडतं. परराज्यासाठी फॉर्म २८वर एनओसी घ्या, चासी नंबरच्या पेन्सिल ठशासह. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या गाडी देतानाच व्हायला हव्यात. तिकडचा रोड टॅक्स तो भरणार आहे, आणि तो आकडा धरूनच तो भाव करतोय हे लक्षात घ्या.

पैसे आरटीजीएसने घ्या आणि स्क्रीनशॉटवर विसंबू नका; रक्कम तुमच्या खात्यात जमा झालेली दिसल्यावरच किल्ली द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा असतो. टेस्ट ड्राइव्हआधी लायसन्सचा फोटो घ्या आणि पहिली फेरी तुम्ही चालवा.

गाडी देताना डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि मीटरचा फोटो काढा. त्याच दिवशी फास्टॅग बंद करा.